वारा की शांतता

वर्गात आल्यावर मावशी आधी फळ्याकडे जात नसे, खिडकीशी जाई. दोन्ही झडपांवर हात ठेवून ती मुलांकडे वळे आणि घसा ताणून विचारी, "बोला, आज काय हवंय? वारा की शांतता?"

मुले हात वर करत. ज्या बाजूचे हात जास्त, त्या बाजूचे त्या दिवसापुरते खरे. खिडकी उघडली की वारा येई, पण त्याच्यासोबत समोरच्या उड्डाणपुलावर चढणाऱ्या ट्रकांची घरघर येई आणि पुलाखालच्या ग्रिलच्या कारखान्यातला ग्राइंडर लोखंडाला लागला की कानठळ्या बसत. जळक्या लोखंडाचा वास वेगळाच. खिडकी लावली की आवाज थोडा उतरे, पण डोक्यावरचे पत्रे तापलेले असत. मग निम्मी मुले बाकांवर डोकी टाकत आणि उरलेली त्यांना पेन्सिली टोचत.

"दोन्ही का नाही मिळत, बाई?" असे एखादे नवे पोर पहिल्या आठवड्यात विचारी. जुनी मुले विचारत नसत.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. ती त्या शाळेत चौथीला शिकवायची. लग्न केले नव्हते, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहायची. तिच्या आवाजाची घरात थट्टा चाले. ती फोनवर बोलू लागली की माझे बाबा म्हणत, "ताई, फोन ठेवलात तरी चालेल. तिकडे तसंही ऐकू जातंय." ती हसे आणि पुढचे वाक्य तितक्याच मोठ्याने बोले. आवाज खाली आणणे तिच्या हातात उरले नव्हते.

तिच्या वर्गातल्या मुलांचेही तेच झाले होते. ती खो-खोत ओरडत, रांगेत ओरडत, घरी पाणी मागतानाही ओरडत आणि त्याबद्दल मार खात. ज्याचा आवाज पोचत नसे तो ढकलून लक्ष वेधून घेई. एक मुलगा तर चावायचा. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, एकदा सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "बाई, तुमचा वर्ग म्हणजे मासळीबाजार झालाय."

"बाजार रस्त्यावरच मांडलाय ना, सर. आत घ्या, गप्प होईल."

आत म्हणजे आदर्श वर्ग. शाळेच्या मागच्या अंगाला ती खोली होती. तिची खिडकी एका रिकाम्या मैदानाकडे आणि एका झाडाकडे उघडायची. नवे बाक, रंगवलेल्या भिंती, काचेच्या कपाटात पुस्तके. तिथे कुठलाच वर्ग बसत नसे. पाहुणे आले की सगळ्या वर्गांतून हुशार आणि नीटनेटकी मुले निवडून तिथे बसवत, आणि पाहुण्यांची पाठ वळली की ती परत आपापल्या खोल्यांत. बाकांवरचा प्लास्टिकचा कागदही कुणी काढला नव्हता.

एका वादळात मावशीच्या वर्गाचे पत्रे उडाले. दुरुस्ती होईपर्यंत पोरांना बसवायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून मोठ्या सरांनी नाइलाजाने आदर्श वर्गाची किल्ली दिली. भिंतीला हात लावायचा नाही, कपाट उघडायचे नाही, बाकांचा कागद काढायचा नाही, असे तीन वेळा बजावून.

पहिल्या दिवशी मुले सवयीने ओरडली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली. मावशी खिडकीशी गेली, तिने तोंड उघडले आणि मग तिच्या लक्षात आले की इथे विचारायचे काहीच नाही. तिने खिडकी उघडली. नुसता वारा आला.

आठवडा उलटायच्या आत वर्ग बदलला. चावणाऱ्या मुलाने शेजाऱ्याकडे खोडरबर मागितला, तोंडाने मागितला. आणि एका सकाळी तिसऱ्या बाकावरून बारीक आवाज आला, "गप्प बसा रे. सर यायच्या आधी त्यांचे बूट येतात."

खरेच दाराबाहेर बूट करकरत होते. सगळा वर्ग हसला. मावशीने वळून पाहिले, तर बोलली होती ती पुटपुटी.

या मुलीचे खरे नाव हजेरी घेतानाच काय ते निघे. वर्षभर तिचे ओठ हलत आणि ऐकू काहीच येत नसे, म्हणून मुलांनी तिला पुटपुटी केले होते. "मोठ्यानं बोल गं!" हे मावशीचे तिच्याशी रोजचे बोलणे. तिचे वडील समोरच्या कारखान्यात ग्राइंडर चालवत. त्यांचे कान त्या कामानेच गेले होते. घरात जो बोले तो ओरडूनच, आणि ओरडण्यात आपला निभाव लागणार नाही हे या मुलीने फार लवकर ओळखले असावे.

आता ती ऐकू येऊ लागली. बाकावरच्या कागदाकडे बघून म्हणाली, "आपणपण पाहुणेच आहोत. कागद काढला नाहीये अजून." पाढे म्हणाली, अख्खी कविता म्हणाली. मावशीच्या लक्षात आले की ती वर्षभर हेच सगळे बोलत होती. मावशी तिला सांगू लागली, "मोठ्यानं नको. ऐकू येतंय मला."

त्याच दिवसांत मावशी एकदा फोनवर बोलत होती आणि बाबांनी आतून हाक मारली, "ताई, जरा मोठ्यानं! काय चाललंय ते कळत नाहीये आम्हाला." त्या रात्री आम्ही सगळे फार हसलो होतो. हसण्यासारखे दिवस तेवढेच.

पत्रे बसले. मावशी मोठ्या सरांकडे गेली. "आम्हाला इथेच राहू द्या, सर."

"तुम्हाला दिला की सगळे मागतील. आणि मग पाहुण्यांना मी काय दाखवू?"

"मुलं दाखवा."

सर हसले. विनोद म्हणून त्यांना तो आवडला.

वर्ग परत पुढच्या खोलीत आला. पहिल्याच दिवशी पुटपुटी काहीतरी म्हणाली आणि शेजारणीने विचारले, "काय?" ती पुन्हा म्हणाली. "काय?" तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही. पूर्वी मुलांना दोनच गोष्टी ठाऊक होत्या, वारा आणि शांतता. आता त्यांना तिसरीही ठाऊक झाली होती, आणि ती कुलपात होती. चावणारा मुलगा आठवड्यात पुन्हा चावला.

वर्षअखेरीची तोंडी परीक्षा जवळ आली. बाहेरून तपासनीस येत. त्यांच्यासमोर जी मुले उत्तरे देऊ शकत नसत त्यांना विशेष तुकडीत घालत. ही तुकडी जिन्याखालच्या अर्ध्या खोलीत बसायची, तिचे शिक्षक ऑफिसचेही काम बघायचे. तिथे गेलेले मूल परत वर आलेले मावशीने पाहिले नव्हते. तिने सरांकडे इतकेच मागितले, की त्या एका मुलीची तोंडी परीक्षा मागच्या खोलीत घ्या.

"एकटीसाठी? मग नियम कशाला आहेत, बाई?"

तेव्हा मावशी रस्ता ओलांडून कारखान्यात गेली. मालक भला माणूस. म्हणाला, "माझ्याच माणसाची पोर आहे, मॅडम. त्या दिवशी सकाळी मशीन बंद ठेवतो." मावशीने हे पुटपुटीच्या वडिलांना दोनदा ओरडून सांगितले. कळल्यावर त्यांनी कामाचा चष्मा कपाळावर चढवला आणि हात जोडले.

परीक्षेच्या सकाळी ग्राइंडर बंद होता. वडील कारखान्याच्या पायरीवर बसून शाळेच्या खिडकीकडे बघत होते. तपासनीस उशिरा आले. त्याच पुलावर त्यांची गाडी अडकली होती. मग त्यांचा चहा झाला. मग पहिल्या बाकापासून एकेक मूल. खोली तापली तसे ते घाम पुसत म्हणाले, "खिडकी उघडा हो कुणीतरी." खिडकी उघडली. त्या दिवशी हात वर करायला कुणी सांगितले नाही.

दुसरा बाक संपत आला तेव्हा पुलाखाली टेम्पो येऊन उभा राहिला. कारखान्यातली लोखंडी फाटके त्याला न्यायची होती. मालकाने घड्याळ पाहिले आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. ते उठले. मुलीचा नंबर होऊन गेला की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. एकदा खिडकीकडे पाहून त्यांनी चष्मा खाली ओढला.

पुटपुटी उभी राहिली आणि ग्राइंडर सुरू झाला.

तिचे ओठ हलत होते. मावशी भिंतीशी उभी होती, तिला ओठांवरून कळत होते, कविता बरोबर चालली होती. "काय?" तपासनीस म्हणाले. पोरीने पुन्हा सुरुवात केली. "काय? मोठ्यानं!"

"सर, ती म्हणतेय. जरा जवळ जाऊन ऐका."

"बाई, मध्ये बोलू नका."

तिसऱ्या "काय?"ला मुलीने ओठ मिटले. रडली वगैरे नाही. नुसते मिटले.

शाळा सुटली तेव्हा वडील फाटकाशी थांबले होते, भुवयांत लोखंडाची भुकटी. "झालं ना, बाई? सकाळी बंद ठेवलं होतं मी."

"हो," मावशी म्हणाली. त्यांना ऐकू जावे म्हणून पुन्हा, मोठ्याने म्हणाली, "हो, झालं!"

मुलगी जिन्याखाली गेली. येताजाता मावशीला ती दिसे. ओठ हलायचेही थांबले होते. पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती. धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवली, असे तिची आई सांगून गेली.

मावशी नंतर बरीच वर्षे त्याच खोलीत शिकवत राहिली. रोज खिडकीशी जाऊन विचारत राहिली. हे सगळे तिने मला तुकड्यातुकड्याने सांगितले, आणि दर वेळी ती त्या "हो, झालं"पाशी थांबे. निवृत्तीआधीच तिचा घसा बसला तो उघडलाच नाही. डॉक्टर म्हणाले, बोलू नका. ती म्हणाली, मग पोरांना शिकवू कसं? शेवटची दोन वर्षे ती कुजबुजत शिकवायची, म्हणजे शिकवत नसे. पहिल्या बाकावरची मुलेच म्हणत, "काय, बाई?"

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत तिच्या खाटेशी खिडकी होती आणि बाहेर कुणाची तरी भिंत फोडण्याचे काम चालले होते. दुपारी नर्स आली. म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसे कानाशी वाकून ओरडली, "आजी! पाणी हवं का? पाणी!"

मावशीने डोळे उघडले.

"हळू बोल गं. ऐकू येतंय मला."