पखवाजाची कणीक

कणीक मळताना ओल्या गव्हाचा वास आला की मला आमच्या शनवारा मोहल्ल्यातलं ते थंडीतलं गाणं आठवतं. मध्यप्रदेश नवाच झाला होता. मराठी आणि हिंदी शाळांच्या आम्ही मुली पहिल्यांदाच एकत्र, एका सुरात जुनं ध्रुपद गाणार होतो. मंडप भरलेला!

तेवढ्यात पखवाजवाले काका म्हणाले, "डाव्या पुडीच्या कातड्याला लावायला कणीक आणा, त्याशिवाय घुमणार नाही." समोरच आमचं घर. आईने लगेच गोळा मळून आणला. काकांनी तो थापला, तर तुकडे पडले!

"अहो वहिनी, ही तर ज्वारी!"

आमच्याकडे थंडीत भाकरीच. आईला मळायचं म्हटलं की ज्वारीच सुचायची.

"रुको चाची, मैं लाती हूँ," म्हणत हिंदी शाळेतली कमला पळाली आणि घरी पोळ्यांसाठी मळून ठेवलेली सगळी कणीक उचलून घेऊन आली.

थाप पडली. मंडप घुमला आणि आमचे गळे एकदम उघडले! कमलाच्या घरचे त्या दिवशी आमच्या भाकऱ्या जेवले.

आजही कणीक मळून झाली की मी गोळ्यावर एक थाप मारते. सून हसते. मी मात्र गायला श्वास भरून घेतलेला असतो.