हरभऱ्याच्या शेतातलं विमान

विमानं करायला मी लागले ती मुलीच्या शाळेमुळे. आम्ही तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो, आणि तिला प्रोजेक्ट म्हणून एक विमान करून न्यायचं होतं. तिने थर्माकोलचे दोन पंख कापले आणि तिला झोप आली. उरलेलं मी केलं. शाळेने त्याचे मार्क कापले, कारण विमान मळकं होतं. मला वाटलं, विमानं मळकीच असतात. सफदरजंग विमानतळाच्या कुंपणाच्या जाळीतून येता-जाता मी ती बघत होते. इंजिनाच्या मागे काजळीचा पट्टा, पंखाच्या मुळाशी चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या पायांनी झिजलेला रंग. मुलगी पुढे कथ्थककडे वळली. मी विमानांतच राहिले.

तयार किट क्वचित मिळे, आणि मिळालं तर लढाऊ विमानाचं. मला साधी विमानं आवडत, त्यातही नादुरुस्त. त्यामुळे सगळं घरातल्या वस्तूंतून करावं लागे. एक्स-रेची फिल्म धुऊन कॉकपिटची काच, बॉलपेनच्या रिफिलचे पाइप, टूथपेस्टच्या ट्यूबचा पत्रा. उदारीकरणाबद्दल आमच्या ऑफिसात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं जाई. माझं मत पॅकिंगपुरतं होतं. पॅकिंग सुधारलं होतं. आईस्क्रीमच्या डब्याचं झाकण आता इतकं सपाट येई की त्यातून अख्खा पंख निघे. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "आपण हाच शाम्पू का घेतो? माझे केस चाललेत."

"बाटली चांगली आहे," मी म्हटलं. ते तोच शाम्पू घेऊन अंघोळीला गेले. बिल्कुल शांत माणूस.

मग दिल्लीच्याच टोकाला, मोठ्या विमानतळाजवळ, द्वारकेच्या सोसायटीत आमचा फ्लॅट झाला आणि आम्ही तिकडे गेलो. आजूबाजूचे निम्मे सेक्टर रिकामेच होते. पाणी टँकरने येई. विमानं इतकी खालून जात की फोनवर बोलणारा माणूस आपोआप थांबे आणि आवाज गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे बोलू लागे. मागची बाल्कनी मला मिळाली. तिथे मी टेबल टाकलं.

एका रविवारी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. हवाई दलातून रिटायर झालेले, मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. सोसायटीत सगळे त्यांना कमांडर साहेब म्हणत. त्यांच्या हातात पांढरा शर्ट होता आणि शर्टाच्या खांद्यावर तपकिरी ठिपके होते.

"तुमच्या बाल्कनीतून गंज गळतोय," ते म्हणाले.

"गंज नाही काका, गेरू आहे. धुतला की जातो."

"धुतलेलाच आहे हा."

मी त्यांना बाल्कनीत नेलं. टेबलावर एक मालवाहू विमान होतं, चाकं काढून ओंडक्यांवर ठेवलेलं, खाली सांडलेलं तेल. गेरूच्या पाण्याने मी त्याच्या सांध्यांवर गंज चढवत होते. काकांनी शर्ट खुर्चीवर ठेवला, चष्मा लावला आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"तेल इथून नाही गळत," ते म्हणाले. "थोडं मागून गळतं. आणि वाऱ्याने पोटाखाली पसरतं."

मी तेल पुसलं आणि मागे सरकवलं. ते बघत उभे राहिले. शर्ट विसरून गेले. तो नंतर मी धुऊन दिला, पण डाग काही गेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात ते परत आले. या वेळी तक्रार नव्हती. बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "माझं एक विमान शेतात पडलं होतं. ते करशील का?"

तरुण असताना ते पंजाबात एकटेच शिकाऊ विमान घेऊन निघाले होते. वाटेत इंजिन बंद पडलं आणि त्यांनी विमान एका शेतात उतरवलं. एक चाक मातीत रुतून मोडलं, विमान एका कुशीवर कललं. त्यांना काही झालं नाही. ते उडी मारून बाहेर पडले, आगीची भीती म्हणून धावत येणाऱ्या गावकऱ्यांना लांब उभं केलं, आणि मदत येईपर्यंत विमानाजवळ पहारा दिला. ही गोष्ट सोसायटीत सगळ्यांना माहीत होती. दिवाळी मेळ्यात ती त्यांनी माइकवरून सांगितली होती.

"जमिनीला टेकलं तेव्हा पंखा फिरत होता की थांबला होता?" मी विचारलं.

"का?"

"फिरत असेल तर दोन्ही पाती वाकतील. थांबलेला असेल तर खालचंच."

त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. "थांबलेला," ते म्हणाले. "खालचंच."

त्यानंतर मी संध्याकाळी ऑफिसातून आले की त्यांच्याकडे जाऊन प्रश्न विचारी. काकू तिथेच बसलेल्या असत. मिशनच्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, बोलणं कमी, पण बोललेलं सगळ्यांना ऐकू जाई असा आवाज.

"शेत कशाचं होतं?" मी विचारलं.

"गव्हाचं. पिकलेला गहू, सोन्यासारखा."

"गेल्या नाताळात ऊस होता," काकू मटार सोलत म्हणाल्या.

"ऊस कसा असेल? उसात विमान उतरवतं का कोणी?"

"तेच मी तेव्हाही म्हणत होते."

काका माझ्याकडे वळले. "यार, तू विमानाचं विचार. शेत कशाला पाहिजे?"

"विमान शेतात बसलंय, काका. पीक कळलं नाही तर विमान किती रुतलं ते नाही कळणार."

बरीच चर्चा होऊन थंडीचे दिवस होते हे ठरलं. म्हणजे पिकलेला गहू गेला. काकांना आठवलं की पायाला काहीतरी ओलं, आंबट वासाचं लागलं होतं. काकू म्हणाल्या, "हरभरा." काका म्हणाले, "हरभराच. बरोबर."

विमानाला वेळ लागला नाही. झाकणाचे पंख झाले, पोट शाम्पूच्या बाटलीतून निघालं. पिवळा रंग दिला, त्यावर पातळ राखाडी, मग कोरड्या ब्रशने कडा उजळल्या. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चंदेरी रंगात बुडवून जिथे पाय पडतात तिथे टिपला, की रंग उडाल्यासारखा दिसतो. धुराड्याच्या मागे निरांजनाची काजळी बोटाने ओढली. हरभऱ्याने मात्र दिवाळी ते संक्रांत खाल्ली. सुतळीचे धागे कापून, हिरवे रंगवून, एकेक रोप चिमट्याने मातीत रोवायचं. माती समोरच्या रिकाम्या प्लॉटवरून आणून पीठ चाळायच्या चाळणीने चाळली. नवी चाळणी मग मीच आणली.

विमानाजवळ, पंखापासून थोडा दूर, मी एक माणूस उभा केला. तारेचा सांगाडा आणि पाइप जोडायची पुटी. एक हात वर केलेला, गावकऱ्यांना थांबवणारा. दोन पेरांएवढा होता, पण ऐट होती.

सगळं झाल्यावर मी ते खाली नेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. काकूंनी आधी भांडी उचलली. काका खुर्चीत बसले आणि टेबलाच्या उंचीवर डोळे आणून बघू लागले. मोडलेलं चाक पाहिलं, पंख्याचं वाकलेलं पातं पाहिलं. हरभऱ्याला बोट लावलं. मी म्हटलं, "काही चुकलं असेल तर सांगा."

"हा कोण आहे?" त्यांनी उभ्या माणसाकडे बोट दाखवलं.

"तुम्ही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी तिथे नव्हतो."

मला वाटलं जागा चुकली. "मग कुठे उभं करू? शेपटीकडे?"

"आत," ते म्हणाले. "मी आतच होतो."

काकू ओट्यापाशी भांडी ठेवत होत्या. त्या थांबल्या.

"उठताच येईना," काका म्हणाले. "लागलं काहीच नव्हतं. पण पाय हलेनात. हाताने पट्टा सोडवायचा, तर हाताने विमान चालवायची काठी धरलेली, ती सुटेना. लोक आले आणि लांब उभे राहिले, घाबरून. मी नाही थांबवलं कोणाला. मग एक म्हातारी पंखावर चढून आली. तिने माझी बोटं एकेक करून काठीवरून सोडवली. पट्टा कसा निघतो ते तिला कळेना, तेवढं मी सांगितलं. मग तिने मला बाहेर घेतलं, लहान मुलाला घेतात तसं."

 वरून एक विमान गेलं, ते जाईपर्यंत थांबावं लागलं.

"मला कधीच नाही सांगितलंत," काकू म्हणाल्या.

"तेव्हा आपलं लग्न ठरत होतं."

"म्हणून?"

"तुझ्या वडिलांना मी उडी मारून बाहेर पडल्याचं सांगितलं होतं. त्यांनी होकार दिला तो उडी मारणाऱ्याला."

"ते मिशनमध्ये हेडमास्तर होते," काकू म्हणाल्या. "त्यांनी होकार दिला तो तुम्ही गणितात पहिले आला होतात म्हणून."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं कारणही पडलं नव्हतं.

मी विमान उचलून वर न्यायला लागले. माणूस आत बसवायचा तर चिकटवलेली काच कापून काढावी लागणार होती. काकूंनी मला दारात थांबवलं.

"म्हातारी करणार ना?"

"हो. पंखावर, गुडघ्यावर बसलेली."

"चेहरा मला आठवत नाही," आतून काका म्हणाले.

"चेहरा एवढ्यात दिसत नाही, काका."

"तिने जोडे खाली काढले असतील," काकू म्हणाल्या.

"मला नाही आठवत तसं काही," काका म्हणाले.

"तुम्हाला कसं आठवेल? तुम्ही आत होता. दुसऱ्याच्या वस्तूवर चढायचं तर बाई जोडे काढणारच."



काच काढताना दोनदा तडकली. शेवटी नवीन केली. आत बसलेला माणूस केला, दोन्ही हात पुढे, मान खाली. म्हातारीला भुरकी ओढणी दिली. तिच्या हाताची बोटं काही मला करता आली नाहीत, त्यामुळे तिचा हात त्याच्या हातावर आहे एवढंच दिसतं. पंखाच्या टोकाशी, मातीत, तांदळाच्या दाण्याएवढे दोन जोडे ठेवले. उभ्या माणसाचं काय करायचं हे मला सुचेना. फेकवेना. काकांनी तो मागून घेतला आणि शोकेसमध्ये एका ट्रॉफीमागे ठेवला.

विमान त्यांच्या दिवाणखान्यात राहिलं. पाहुणे आले की काका गोष्ट सांगत. सवयीने पहिल्यांदा उडीच मारत. काकू काही बोलत नसत, उठून काचेवरची धूळ पुसत. मग काका म्हणत, "अच्छा, म्हणजे तसं नाही," आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगत. ही दुसरी गोष्ट लोक जास्त लक्ष देऊन ऐकत. एका निवृत्त कर्नलने ऐकून झाल्यावर स्वतःची एक सांगितली, ती मात्र मी इथे लिहिणार नाही.

उन्हाळ्यात एका शनिवारी दुपारी काकू वर आल्या. बाल्कनीत बसल्या, टेबलावरचं सगळं नीट पाहिलं.

"तुझा हरभरा बरा होता," त्या म्हणाल्या. "पण फार ओळीत होता. विमान घुसलेलं शेत आहे, कवायत नाही."

मी म्हटलं, पिकांचा मला सराव नाही.

"मी दर नाताळला घरात गव्हाणीचा देखावा करते," त्या म्हणाल्या. "गवताचं मला कळतं. सुतळी कुठे ठेवतेस?"

मी सुतळी दिली. त्यांनी चष्मा बदलला, कात्री घेतली आणि धागे कापायला लागल्या, लहानमोठे, मुद्दाम वाकडे.  निघताना म्हणाल्या की शनिवारी काकांचा पत्त्यांचा ब्रिज असतो, तेव्हा त्या स्वतः मोकळ्या असतात. पुढची काही वर्षं विमानं माझी आणि शेतं त्यांची, असंच चाललं. माझ्या विमानांना लोक चांगलं म्हणत. शेताजवळ मात्र वाकून बघत.