आत्याच्या पाठीवरची झोळी

माझा धाकटा भाऊ होळीच्या आसपास जन्मला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. सव्वा महिन्यानं माय पुन्हा कामाला बसली आणि भाऊ माझ्या डाव्या कडेवर आला. दिवाळीपर्यंत तो तिथून फारसा उतरला नाही.

आमचं गाव चौसाळ्यापासून दीड कोसावर. मुलूख निजामाचा; जाणती माणसं मोगलाई म्हणायची. वडील शिंपी. त्यांना मी बा म्हणायची. बीडच्या कचेरीतल्या पेशकार-मुन्शी लोकांचे पायजमे आणि शेरवान्या शिवायला आमच्याकडं यायच्या, आणि बाला त्याचा मोठा तोरा होता. हातानं फिरवायचं शिलाईचं मशीन अख्ख्या गावात आमच्याच घरी. माय त्याच्या शेजारी बसून अस्तर लावायची, काजं करायची. दिवसभर दोघांची मान वर व्हायची नाही.

घरात आणखी एक माणूस होतं, माझी आत्या. बाची थोरली बहीण. आठव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि नांदायला जायच्या आधीच नवरा गेला. तेव्हापासून ती आमच्यात. पाणी, दळण, भाकरी सगळं तिच्याकडं. काम संपलं की ती रिकामीच असायची. तिनं भावाला घेतलं असतं तर मला दिवसभर त्याला वागवावं लागलं नसतं. पण ती त्याला हात लावत नव्हती.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे. माझ्यानंतर मायला एक मुलगी झाली होती. तिला आत्यानंच सांभाळलं. पिण्यापुरती काय ती मायजवळ जायची. सहा महिन्यांची होऊन ती तापानं गेली. भेटायला आलेल्या बायांपैकी एक जण ओसरीवर बसून म्हणाली, "पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हाती लेकरू द्यावं का कुठं?" आत्या आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. तिनं तो तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि माघारी गेली. माय आणि बा तिला कधी एका शब्दानंही बोलले नाहीत. पण भाऊ झाला तेव्हा ती चुलीपुढून उठली नाही, आणि बारशाच्या दिवशी धुणं घेऊन ओढ्यावर निघून गेली.

म्हणून भाऊ माझ्याकडं. मला त्याची माया होती, पण मला खेळायचंही असायचं. एका हातानं सागरगोटे खेळता येत नाहीत. मी त्याला खाली ठेवला की तो माती तोंडात घालायचा, आणि मुंगळे चावले की गाव गोळा करायचा. मग मी पुन्हा त्याला कडेवर घ्यायची, डावी कंबर बाहेर काढून, आणि भिंतीला टेकून दुसऱ्या मुलींचा खेळ बघत राहायची.

दिवाळीला बानं मला खणाचा परकर शिवला. मी तो घालून ओसरीवर उभी राहिले तर डावीकडून घेर चार बोटं वर. बा चिडला. त्याचं माप चुकलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्यानं परकर उतरवायला लावला, गज लावून मोजला, पुन्हा घालायला लावला. पुन्हा तेच.

माय काज करता करता थांबली. उठून आली आणि मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवून तिनं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं.

"परकर न्हाई वाकडा," ती म्हणाली. "पोर वाकडी झालीया."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तिथूनच चुलीकडं वळली. पण त्या दिवशी भाकऱ्या करपल्या, आणि आत्याच्या हातून भाकरी करपत नसे.

दुसऱ्या दिवसापासून मायनं झोळीचं काम काढलं. लेकरू पाठीवर बसावं, बांधणाऱ्या बाईचे दोन्ही हात मोकळे राहावेत आणि भार एका कंबरेवर न येता सगळ्या अंगावर वाटला जावा, एवढंच तिला हवं होतं. मोळीवाल्या बाया लेकरं पाठीला बांधतात ते तिनं पाहिलं होतं. पण त्या नुसतं लुगडं गुंडाळायच्या, नि लेकराचं डोकं मागं लोंबायचं.

पहिली झोळी पासोडीची झाली. जाड कापड, मजबूत. भाऊ त्यात दोन दिवस बसला आणि त्याची पाठ घामोळ्यांनी लाल झाली. दुसरी जुन्या लुगड्याची. कापड लोण्यासारखं मऊ, पण चालायला लागलं की खांद्यावर त्याची दोरी व्हायची. मायच्या खांद्यावर वळ उठले. मग तिनं मांजरपाट घेतलं, आतून बाच्या जुन्या धोतराचं अस्तर लावलं, खांद्याच्या पट्ट्यांत पिंजलेला कापूस भरून गादी केली. पट्टे छातीवर एकमेकांवरून यायचे आणि पुढं पोटावर गाठ. गाठ पुढंच हवी, हा तिचा हट्ट होता.

"रानात मागनं बांधून द्याया कोण येतंय?" ती म्हणायची. "बाईला एकटीला बांधता आली तरच ती खरी."

बाला हे सगळं पसंत नव्हतं. "झोळी फकिराची असती, गोसाव्याची असती," तो म्हणाला. "पेशकारसायबाच्या शेरवानीशेजारी माझ्या घरात झोळ्या टांगायच्या व्हय?"

"तुमी नका शिवू. मी हातानं शिवते."

आणि तिनं हातानंच शिवली. या झोळीत भावाला बसवायच्या आधी तिनं त्याच्या वजनाची ज्वारी एका पिशवीत भरली, ती झोळीत घातली, पाठीवर बांधली आणि अंगणात चालू लागली. खाली वाकली, उठली, पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा बसका, म्हणजे लेकराच्या बुडाखालचा भाग, टर्रकन उसवला आणि ज्वारी अंगणभर पसरली. कोंबड्या धावल्या. मी आणि आत्या टोपल्या घेऊन पळालो. बा मोठ्यानं हसला.

माय हसली नाही. उसवलेली झोळी तिनं बाच्या पुढ्यात टाकली. "ज्वारी होती म्हणून हसताय."

बाचं हसू थांबलं. त्यानं झोळी उचलली, उलटी केली, बोटं फिरवली. कापड हातात आलं की बाच्यातला शिंपी गप्प बसायचा नाही.

"अगं, ताण येतो तिथंच टीप मारलीस तू. उसवंल न्हाईतर काय व्हईल?" तो म्हणाला. "आन् बसका सपाट काहून ठेवला? लेकरू काय पाटावर बसतंय? मियानी घाल त्याला."

मियानी म्हणजे पायजम्याच्या दोन पायांमध्ये बसवलेला चौकोनी तुकडा. ती असते म्हणून माणसाला मांडी घालून ऐसपैस बसता येतं. बाच्या पायजम्यांची वाखाणणी व्हायची ती मियानीसाठीच. त्यानं मला जवळ बोलावलं, भावाला माझ्या कडेवर बसवलं आणि गुडघ्यावर बसून त्याचे पाय न्याहाळले. कडेवरचं लेकरू बेडकासारखं बसतं. गुडघे वर, पाय फाकलेले, बूड खाली. बानं एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत माप घेतलं. इतकं मन लावून त्यानं शेरवानीचंही माप घेतलेलं मला आठवत नाही. मग मांजरपाटाचा तुकडा तिरपा कापला, बसक्यात बसवला, आणि मशीनवर दुहेरी टीप मारली. या वेळी ज्वारी भरून मायनं सबंध अंगण झाडलं, पाणी शेंदलं. टाका हलला नाही.

आता भावाला कुणाच्या पाठीवर बांधायचं? मी पुढं झाले. मायनं मला बाजूला सारलं. "तुझ्या अंगावर आता कायबी बांधायचं न्हाई." तिला स्वतःला तर कचेरीतल्या कुणाच्या तरी लग्नाच्या कपड्यांचं काम उरकायचं होतं. ती झोळी घेऊन आत्यासमोर उभी राहिली.

आत्या मागं सरली. "मला नगं. माझा हात लागाया नगं त्याला."

"हात कुठं लागतोय, वन्स?" माय म्हणाली. "कापड धरतंय त्याला. तुमी नुसतं चाला."

"येडी का काय तू?"

"पोरीची कंबर बघितली न्हवं तुमी?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मग पाठमोरी झाली, वाकली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून उभी राहिली; चुकूनही मागं जाऊ नयेत म्हणून. मायनं भावाला तिच्या पाठीवर ठेवलं, पट्टे खांद्यांवरून ओढले, छातीवर फुली केली, पोटावर गाठ मारली. भावानं गाल आत्याच्या पाठीला टेकवला. आत्या सरळ झाली. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि आमच्याकडं न बघता फाटकातून बाहेर गेली.

न्याहारीची वेळ होती. दुपार झाली तरी ती आली नाही. बा दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. माय सुई थांबवून वाटेकडं बघायची आणि पुन्हा शिवायला लागायची. शेवटी तिनं मला पाठवलं. मी ओढ्यावर पाहिलं, मारुतीच्या पारावर पाहिलं. कापसाच्या रानातल्या एका बाईनं सांगितलं की चौसाळ्याच्या वाटेनं जाताना बघितली.

मी पळतच निघाले. अर्ध्या कोसावर ती परत येताना दिसली. सावकाश चालत होती. डोक्यावर पदर, पाठीवर भाऊ, आणि दोन्ही हात मागं नेऊन तिनं त्याचे पाय तळव्यांत धरले होते. जवळ गेले तर तिचं तोंड ओलं होतं.

"आत्या, माय वाट बघाय लागली."

"हळू बोल," ती म्हणाली. "निजलाय. घरी आले की उतरवावं लागंल, म्हणून लांबनं आले."

त्यानंतर भाऊ माझ्याकडं फारसा आलाच नाही. आत्या पाण्याला निघाली की तो पाठीवर, दळायला बसली की मांडीवर. मी सागरगोटे खेळायला मोकळी झाले. गंमत अशी की पहिले काही दिवस कडेवर कुणी नाही म्हणून मला चालताना तोल गेल्यासारखं व्हायचं.

कापसाची वेचणी चालू होती. रानातल्या बायांची लेकरं बांधाला बाभळीखाली पडलेली असायची. आत्या भाऊ पाठीवर बांधून वेचायला गेली तेव्हा बाया काम सोडून भोवती जमल्या. कुणी गाठ ओढून पाहिली, कुणी बसक्याखाली हात घातला. आठवडाभरात मायकडं तीन बाया आल्या, कुणी जुनं लुगडं घेऊन, कुणी धोतर घेऊन. बा शेरवानीचं काम बाजूला ठेवून मियानी कापून द्यायला लागला. वर "आमच्यासारखी मियानी बीडातबी कुणी घालत न्हाई" असंही सांगायचा.

झोळी शिवणं सोपं होतं, बांधायला शिकवणं अवघड. लेकराच्या वयाप्रमाणं पट्टा कुठं घट्ट, कुठं सैल, मान कशी सावरायची, हे आत्याच्या बोटांना सगळ्यांत चांगलं कळलं होतं. म्हणून माय बायांना तिच्याकडं पाठवायची.

एकदा वरल्या आळीतल्या एका शेतकऱ्याच्या घरून बोलावणं आलं. सून पहिलटकरीण, लेकरू तीन महिन्यांचं. आत्या मला सोबत घेऊन गेली. आम्ही ओसरीवर बसलो होतो. सासू बाहेर आली, आत्याचं कपाळ पाहिलं आणि तिथंच थांबली.

"तुझी भावजय न्हाई आली का?"

"तिला काम हाय. मी दाखवते बांधून."

"ठेव ती झोळी. तुझा हात नगं लागाया लेकराला."

आत्या उठली. झोळीची घडी करून ओट्यावर ठेवली. तिचं तोंड इतकं शांत होतं की मला रडू आलं. आम्ही पायरी उतरलो तेवढ्यात आतून सून आली. सतरा-अठरा वर्षांची असेल. लेकरू छातीशी, डोळे खोल गेलेले.

"आत्याबाई, थांबा," ती म्हणाली.

"तू आत हो," सासू म्हणाली.

"लेकरू घिऊन तीन म्हैने झाले मला नीट निजून, सासूबाई. ह्यांचं लेकरू मी रोज बघते ओढ्यावर. लई गुटगुटीत हाय, माझ्या लेकरापरीस गुटगुटीत." आणि ती सासूसमोरून चालत आली, आत्याकडं पाठ करून वाकली. "बांधा तुमी."

सासू वळली. आत गेली. आत्यानं ओट्यावरची झोळी उचलली, लेकराला तिच्या पाठीवर बसवलं आणि गाठ नीट मारली. त्या घरच्या पुढच्या बाळाला मात्र सासूनंच बोलावणं धाडलं.

हळूहळू आत्याला साऱ्या गावातून बोलावणं येऊ लागलं. बारशाला ती अजूनही पुढं बसत नसे; ते तिनं शेवटपर्यंत केलं नाही. पण बारसं उरकलं, बाया पांगल्या की घरची बाळंतीण तिला आत बोलवायची.

माझी कंबर दोन वर्षांत बरीच सरळ झाली, सगळी नाही. आजही नवं लुगडं नेसले की डावीकडून निऱ्या किंचित वर राहतात. माझं लग्न परळीच्या बाजूला झालं. भाऊ मोठा झाला, बीडला दुकान घालून बसला. त्याला यातलं काहीच आठवत नाही, आठवणार तरी कसं? मी सांगितलं की तो हसतो आणि आत्याबद्दल आणखी विचारत राहतो.

माझं तिसरं लेकरू झालं तेव्हा आत्या बैलगाडीनं परळीला आली. डोळ्यांनी अंधुकच दिसायचं. मी लेकराला पाठीवर बांधून तिच्यापुढं उभी राहिले. तिनं हातानं चाचपत पट्टे पाहिले, बसका पाहिला, गाठ पाहिली.

"ढिली बांधलीस," ती म्हणाली. "सोड, पुन्ना बांध."

मी गाठ सोडली, आणि तिनं बांधून दिली.