पुढच्या दिवाळीत बांधलेलं पॅकेज

समस्त जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत मी केलेले एक काम यंदाच्या उन्हाळ्यातच वैजापूरला पोहोचले होते.

क्रांती चौकाजवळच्या दोन खोल्यांत आम्ही बाजार समित्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो. उन्हाळ्यात एके दिवशी भर दुपारी वैजापूरच्या काट्यावरच्या कारकुनाचा फोन आला. पावती निघेना. "साहेब, कांद्याचे ट्रॅक्टर पार रस्त्यापर्यंत लागलेत. तीनला लिलाव हाय. वजनाबिगर बोली लागत नाय."

चूक किरकोळ होती. माझ्या सहकारी बाईंनी ती दुरुस्त करून नवं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामची नवी आवृत्ती, बांधून पाठवलं. पॅकेजला क्रमांक आमचं मशीन स्वतःच देतं: बांधणीची तारीख तोच क्रमांक. मोठा क्रमांक म्हणजे नवं.

वैजापूरच्या कॉम्प्युटरनं ते घेतलंच नाही. म्हणे, याहून नवं आधीच बसलेलं आहे. पुन्हा बांधलं. पुन्हा तेच.

"बसलेल्याचा क्रमांक वाचा बरं," मी म्हणालो.

कारकून एकेक आकडा वाचत गेला, बाई लिहीत गेल्या, आणि त्यांचा हात थांबला. "अहो, हे तर पुढच्या सालचं हाय!" तिकडून आवाज आला.

आमच्या मशीनवर नोंद शोधली. होती. न उगवलेल्या दिवसाची, ऐन दिवाळीतली. बनवणाऱ्याच्या जागी माझं नाव. मला काहीच आठवेना. चौकातले हॉर्न चालूच होते, पण माझ्या दंडावर काटा आला. बाईंनी खुर्ची हळूच वीतभर लांब घेतली. खरं सांगू? एक चोरटा आनंदही झाला. रक्तदाबाचे डॉक्टर काहीही म्हणोत, पुढच्या दिवाळीला मी आहे, आणि कामावर आहे!

"सर," मशीनवर त्या नोंदीशेजारची मुदत-चाचणीची फाइल उघडत बाई म्हणाल्या, "मशीनचं घड्याळ कधी पुढं केलं होतं का तुम्ही?"

केलं होतं. होळीच्या सुमारास. सॉफ्टवेअरची वार्षिक मुदत संपल्याची सूचना दिसते का, ते बघायला. घड्याळ मागे आणलं. त्या चाचणीत बांधलेलं पॅकेज मात्र नेहमीच्या फोल्डरमध्ये राहिलं आणि वैजापूरला गेलं.

ते काढून टाकावं, तर त्यासोबत काट्याशी केलेली जुळवणीही पुसली जाणार, आणि ती पुन्हा करायला वेळ नव्हता. पावणेतीन झाले होते. मी आपोआप क्रमांक देणं बंद केलं आणि हातानं टाकला, त्या दिवाळीतल्या तारखेच्याही पुढच्या दिवसाचा. मग पॅकेज पाठवलं. कारण कळलं होतं, तरी स्वतःच्या न आलेल्या दिवसावर आगाऊ सही केल्यासारखं वाटलं.

फोनवर प्रिंटरची करकर ऐकू आली, आणि कारकून ओरडला, "निघाली पावती! साहेब, तिकडं जाऊनच आलाय, तर पुढच्या दिवाळीला कांद्याचा भाव काय हाय, तेवढं सांगून टाका की!"