तेजाबाची पाटी

मुकादमानं शाईचं पॅड जमिनीवर ठेवलं आणि चपलेच्या टोकानं माझ्याकडं सरकवलं. महारवाड्यातली मी, माझा हात लागायला नको म्हणून. "लाव अंगठा," म्हणाला. मी चौथी पास. सही येत होती, चांगली वळणदार. तरी खाली वाकले आणि कामगारांच्या वहीत अंगठा लावला.

कासारवाडीच्या पलीकडं नवा कारखाना उभा राहिला होता. लोखंडी पट्ट्या तेजाबाच्या पाण्यात बुडवून त्यांचा गंज काढायचा, हे आम्हा बायकांचं काम. शिकलेल्या बाईला मुकादम घ्यायचा नाही. शिकली की तोंड चालतं, म्हणायचा. आईनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, वाचता येतं म्हणून कुठं बोलू नकोस. बाप अंथरुणाला खिळलेला. चूल माझ्या रोजावर. म्हणून मी अडाणी झाले.

भिंतीवर पाटी होती. 'तेजाबात पाणी ओतू नये. पाण्यात तेजाब हळूहळू ओतावे.' बाकीच्या बायकांना ती नुसती भिंत. मी रोज मनात वाचायचे. ओठ हलताना कुणी बघेल म्हणून पदर दातांत धरायचे. एवढी धास्ती.

एकदा मोठे साहेब आले. देश पुढं न्यायचा तर उत्पादन वाढलं पाहिजे, असं बरंच बोलले. ते गेले आणि मुकादमानं घाई लावली. माझ्या शेजारी सखूबाई होती. मला लेकीगत वागवायची, तिच्या भाकरीतली चतकोर द्यायची. काम लवकर उरकावं म्हणून तिनं पाण्याची बादली उचलली आणि तेजाबाच्या कुंडीकडं वळली.

पाटी समोर होती. मी तोंड उघडलं. मुकादमाकडं नजर गेली. तोंड मिटलं.

तिनं बादली ओतली आणि तेजाब उसळलं. सखूबाईचा हात आणि मान भाजून निघाली. तिचं ओरडणं अजून माझ्या कानात आहे.

तिसऱ्या दिवशी मुकादमानं मला बोलावलं. टेबलावर कागद, जमिनीवर पॅड. तू तिथंच होतीस, एवढंच लिहिलंय, म्हणाला. मी उभ्या उभ्या वाचलं. बायकांना पाटी रोज वाचून दाखवली जाते. सखूबाईनं जाणूनबुजून नियम मोडला. तिला भरपाई मागता येणार नाही.

घरची चूल डोळ्यांपुढं आली. मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागले. शेवटपर्यंत वाचलं.

मुकादमाचा चेहरा उतरला. "तुला वाचता येतं?"

"येतं. पाटी आमास्नी कुणीबी वाचून दावली न्हाई. मला येत हुतं, तरी मी गप बसले. ह्यो माझा गुन्हा. तुमचा तुमी बघा."

पॅड तिथंच राहिलं. त्याच कागदाच्या मागं मी हे सगळं लिहिलं आणि खाली सही केली. कागद मुकादमापुढं टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्यानं मला फाटकावर अडवलं. कामावर घ्यायचं नाही, असा हुकूम होता. आईला काय सांगू? बायका माना खाली घालून आत चालल्या होत्या. मी फाटकाच्या गजाला धरून ओरडले, "तेजाबात पाणी ओतू नका. आधी पाणी, मग तेजाब."

पहारेकऱ्यानं ढकललं. मी उठले, पुन्हा गज धरला आणि पहिल्यापासून सांगायला लागले. उद्याही येणार होते. परवाही.