बायकोची खुर्ची

गिरीज गावातल्या एका वाडीत सुकेळीसाठी केळी उन्हात घातली की कावळे हाकायला एक म्हातारा खुर्ची टाकून बसतो. मांडीवर कुणा जर्मन तत्त्वज्ञाचं मराठीत आलेलं पुस्तक. तेच मीही एकदा विकत घेतलं होतं. प्रस्तावनेतच घोरायला लागलो, असं बायको अजून पाहुण्यांना सांगते.

परवा फिरताना दमलो आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत टेकणार, तोच तो म्हणाला, "तिथं नको, भाऊ. ती बायकोची आहे."

"बाहेर गेल्यात?"

"देवाघरी. चार वर्षं झाली."

मी ओशाळून उभाच राहिलो. त्याने पानावर बोट ठेवलं.

"हा म्हणतो, समोरचं खरंच आहे की नाही, ते जरा बाजूला ठेवा. कसं दिसतं तेवढं बघा. बाकी पुस्तक डोक्यावरून जातं, पण एवढं जमतं. मग ती केळी उलटताना दिसते."

कावळा उतरला. त्याने तो हाकलला आणि खुर्चीकडे वळून म्हणाला, "आहे, लक्ष आहे माझं."

घरी बायको चहा गाळत होती. मी दारातच बघत राहिलो.

"काय हरवलंय?" तिने विचारलं.

"अजून तरी काही नाही," मी म्हणालो.