सिस्टर डेल्माची माफी

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मलनबूल गावात कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तरी माणूस सॉरी म्हणतो. डेल्मा प्राउझ तर सुई टोचण्याआधी म्हणायची, टोचताना म्हणायची आणि वर कापूस दाबताना पुन्हा म्हणायची. पण जिथे म्हणायला हवं होतं तिथे तिने पावणेदोन वर्षं तोंड उघडलं नाही. तो सगळा काळ मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसून काढला, त्यामुळे तिला नावं ठेवायचा मला फारसा हक्क नाही. तरी सांगते.

मी ग्लेनिस, बारा खाटांच्या आमच्या हॉस्पिटलची कारकून. फायली, फोन, टाइपिंग, सगळं माझ्याकडे. डेल्मा सिस्टर. तिचा बाप रेल्वेच्या रुळांवर काम करायचा, घरात सहा पोरं, ही सर्वांत थोरली. सतराव्या वर्षी डबो शहरात नर्सिंग शिकायला गेली. तिथल्या मेट्रनने, म्हणजे मोठ्या सिस्टरने, पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "चूक कधीही पेशंटसमोर कबूल करायची नाही. पेशंटचा धीर जातो आणि वकिलाचं घर चालतं." परत आल्यावर डेल्माने लग्न केलं नाही, गाव मात्र सांभाळलं. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातावर जन्मली. बाजारात भेटली तर तुमची प्रकृती विचारायची नाही, सांगायची. "तुझं बी.पी. वाढलंय, चेहरा बघ जरा." आणि बहुतेक वेळा ते खरंच निघायचं. इथेच घात झाला.

कारण मधल्या काळात शहरातून एक नियम आला होता. औषध देण्याआधी प्रत्येक पेशंटला, दर वेळी, नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची आणि कुठलं औषध सोसत नाही तेही विचारायचं. भिंतीवर मोठा कागद लावला होता. डेल्माने आठवडाभर इमानेइतबारे पाळला. मग एकदा अ‍ॅथल रेनिक पाठीत उसण भरून आला. मेंढ्यांचा माणूस, तोंडाने फाटका. हिने विचारलं, "नाव?"

"इंग्लंडची राणी," अ‍ॅथल म्हणाला.

"अ‍ॅथल, नियम आहे रे. जन्मतारीख?"

"अगं, माझ्या साठीचा केक तू भाजला होतास! करपला होता म्हणून लक्षात नाही का?"

अख्खा वॉर्ड हसला. डेल्माही हसली. संध्याकाळपर्यंत ते दारूच्या गुत्त्यात पोचलं आणि पुढे महिनाभर जो तो हॉस्पिटलात आला की इंग्लंडची राणी. आमच्याकडे ओळखीच्या माणसाला नाव विचारणं म्हणजे त्याचा अपमान, वर स्वतःचं हसं. त्यानंतर डेल्मा फक्त परगावच्यांना विचारायची. मला ते ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये अ‍ॅथलच्या पोटरीत कुंपणाची तार घुसली. त्याने पाच दिवस अंगावर काढलं, आणि रविवारी दुपारी त्याची बायको ऊना त्याला घेऊन आली तेव्हा पाय सुजून लाल झाला होता, तापाने दात वाजत होते. डॉक्टर ऐंशी किलोमीटरवर. डेल्माने फोन लावला. डॉक्टरने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेनिसिलिन चालतं का त्यांना?"

"चालतं," डेल्मा म्हणाली. "काही त्रास नाही. चाळीस वर्षं ओळखते मी त्याला."

एकाहत्तर साली तिने स्वतःच त्याला पेनिसिलिन टोचलं होतं आणि काही झालं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी डबोला त्याला तेच दिल्यावर अंगभर गांधी उठून श्वास लागला होता. तसं पत्र आलं होतं. मीच ते फाइलमध्ये लावलं होतं, आणि फाइल माझ्या कपाटात होती, किल्ली माझ्या घरी, कारण रविवार. हे सगळं खरं. पण अ‍ॅथल हातभर अंतरावर पडला होता. मान वळवून विचारायचं होतं एवढंच.

इंजेक्शन दिलं आणि चार मिनिटांत त्याचा घसा बंद झाला. डेल्माने करता येईल ते सगळं केलं, छातीवर दाबून दाबून तिचे हात सुजले. पेशंट न्यायचं विमान आलं, त्याला घेऊन गेलं. सोमवारी पहाटे तो गेला.

मंगळवारी आमचे मॅनेजर लॉइड पिम दार लावून बसले. सिडनीहून आलेला माणूस, चाळिशीचा, बूट कायम चकचकीत. विमा कंपनीच्या वकिलाशी बोलून झालं होतं. "डेल्मा, तुम्ही रेनिकबाईंशी याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. सॉरीसुद्धा नाही. उद्या कोर्टात तोच शब्द तुमच्यावर उलटेल, आमच्यावरही." मग त्यांनी अहवाल सांगितला आणि मी टाइप केला. त्यात एक वाक्य होतं: 'त्या वेळी उपलब्ध असलेल्या नोंदींनुसार रुग्णाला कोणत्याही औषधाचा त्रास असल्याचे आढळले नाही.' उपलब्ध! माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं ते पत्र मला डोळ्यांपुढे दिसत होतं आणि बोटं चालत होती. एक चूकही झाली नाही टायपिंगची. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरकडे कागद गेले, काही महिन्यांनी उत्तर आलं, औषधाची अनपेक्षित प्रतिक्रिया. प्रकरण मिटलं.

अंत्यविधीनंतर हॉलमध्ये सँडविचच्या टेबलापाशी ऊनाने डेल्माचा हात धरला होता. "डेल, काय झालं गं नेमकं?"

डेल्मा म्हणाली, "चौकशी चालू आहे, ऊना." आणि चहाचे कप गोळा करायला लागली. त्या दोघींनी वीस वर्षं जत्रेत एकाच टेबलावर घरी भाजलेले स्कोन, छोटे गोड पाव, विकले होते.

पुढे दोघी एकमेकींना दिसेनाशा झाल्या. दुकानात ऊना पिठाच्या रांगेत दिसली की डेल्मा साबणाच्या रांगेत शिरायची. मला वाटायचं ऊनाने हिला टाकलंय, आणि तिचं चुकतंय असंही वाटायचं नाही. डेल्मा मला म्हणायची, "मी आज जाईन गं ग्लेन, आत्ता जाईन. पण कायदा आडवा येतो ना." हे ती इतक्यांदा म्हणाली की मी मान डोलवायला शिकले.

मग कायदाच बदलला. दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत पिमनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं आणि राज्याचा नवा कायदा समजावला. आता माफी मागितली तर ती दोषाची कबुली धरली जाणार नाही. कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही. चूक माझी होती असं म्हटलं तरीही. डेल्मा पहिल्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे पाहत होते. तिला सुटल्यासारखं वाटेल असं मी धरून चालले होते. पण तिचा चेहरा असा उतरला, की जणू लपायची एकुलती एक जागा कुणी पाडून टाकली.

मार्च गेला. एप्रिल गेला. डेल्माकडे दर वेळी नवी सबब. ऊना मुलीकडे गेली असेल. आता पेरणीची गडबड असेल. ईस्टरला कुठे असलं काढायचं? शेवटी मे महिन्यात एका सकाळी ती म्हणाली, "आज जाणार होते, पण पाऊस येईलसं वाटतंय."

माझं डोकं फिरलं. "डेल्मा, आधी मेट्रन होती, मग वकील झाला, मग कायदा झाला. आता पावसावर ढकलतेस? बाईसाहेब, पुढच्या वेळी कुणाचं नाव घेणार आहात ते आजच सांगून ठेवा, मी टाइप करून ठेवते."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला लाज वाटते गं. तिच्या दारात उभं राहायची लाज वाटते. बाकी काही नव्हतंच कधी."

गाडी मी चालवली. पिमनी जाताना एक कागद दिला होता, वकिलाने पाहून दिलेला. कायद्याने मोकळीक दिली तरी हे लोक आपली फूटपट्टी सोडत नाहीत. तो कागदही मीच टाइप केला होता.

ऊनाने दार उघडलं, आम्हा दोघींना पाहिलं आणि किटली ठेवली. बसलो. डेल्माने चष्मा लावून कागद उघडला. "अ‍ॅथल यांच्या बाबतीत जे घडले त्याबद्दल हॉस्पिटलला आणि मला व्यक्तिशः मनापासून खेद आहे."

"बरं," ऊना म्हणाली. "दूध घालू?"

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. डेल्माने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"ऊना, हे माझं नाही. हे त्यांचं आहे. डॉक्टरने मला विचारलं होतं, पेनिसिलिन चालतं का. मी चालतं म्हणाले. अ‍ॅथलला विचारलंच नाही. तो शेजारी होता, शुद्धीवर होता, आणि मी विचारलं नाही. वाटलं, मला काय माहीत नाही त्याच्याबद्दल? फाइलसुद्धा मागवली नाही. माझ्यामुळे गेला तो. चूक माझी आहे. आणि तू हॉलमध्ये विचारलंस तेव्हा मी तोंड फिरवलं, ती त्याहून मोठी."

ऊनाने दुधाचं भांडं खाली ठेवलं. "मी तिथेच होते, डेल."

"माहीत आहे मला."

"तुला काही माहीत नाही. तू फोनवर म्हणालीस ते मी ऐकलं. डबोला काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. मग म्हटलं, सिस्टर डॉक्टरशी बोलतेय, मध्ये कशाला तोंड घाला? डेलला माहीत असणारच. आणि बसले परत." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तू येईनास तेव्हा मला कळलं. म्हटलं, ही जाणून आहे. मी ऐकलं आणि गप्प बसले हे हिला माहीत आहे, म्हणून माझं तोंड पाहत नाही. बरोबरच आहे तिचं."

"अगं नाही! ऊना, नाही गं! विचारणं माझं काम होतं. तुझं नव्हतं."

"हे तेव्हा सांगायचं होतंस." आता मात्र ती रडायला लागली. "आमच्या नीलला मी सांगितलं ना सगळं. तुझे वडील माझ्या गप्प बसण्यामुळे गेले म्हणून. पोरगा म्हणाला, मला काही दिवस दे आई. दोन नाताळ झाले. फोनसुद्धा करत नाही."

मलाही तिथे बोलायचं होतं. फाइल कुणाच्या कपाटात होती आणि 'उपलब्ध' हा शब्द कुणी टाइप केला ते. नवा कायदा नर्सला लागतो तसा कारकुनाला लागतो का, हे मी पिमना कधी विचारलं नव्हतं. मी उठून कप विसळायला लागले. ते अजून सांगितलेलं नाही.

डेल्मा उठली, भिंतीवरच्या फोनपाशी गेली. "नंबर सांग त्याचा."

"आत्ता? तो कामावर असेल."

"सांग."

ऊनाने सांगितला. डेल्माने एकेक आकडा मोठ्याने म्हणून खात्री करून घेत फिरवला. पलीकडे फोन उचलला गेला.

"नील रेनिकच का? मी सिस्टर डेल्मा प्राउझ, मलनबूलहून. नाही, आई ठीक आहे, माझ्या शेजारी उभी आहे. ऐक. त्या दिवशी तुझ्या आईकडून काहीही चुकलं नाही. डॉक्टरने मला विचारलं होतं, तिला नाही." तिने सगळं सांगितलं, पेनिसिलिन, फोन, हॉलमधला चहा, काहीही न गाळता. सांगून झाल्यावर ती थांबली. पलीकडून आवाज येत नव्हता, पण फोनही ठेवला गेला नव्हता. डेल्माने कपाळ भिंतीला टेकवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.